प्लॅट नदीच्या काठाने पश्चिमेकडे : नेब्रास्कातील वसंत

अमेरिकेत आप्तांकडे जाणारी मराठी मंडळी दोन्ही किनारे आणि मधला ग्रँड कॅन्यन पाहून परततात. मधला मैदानी प्रदेश त्यांना विमानाच्या खिडकीतून दिसतो तेवढाच. माझी मावसबहीण लिंकन येथे राहत असल्यामुळे आणि मार्चच्या अखेरीस प्लॅट नदीवर क्रौंच पक्ष्यांचे लाखोंचे थवे उतरतात हे तिच्याकडून वर्षानुवर्षे ऐकत आल्यामुळे, या वेळी आम्ही उभयतांनी नेब्रास्का हे एकच राज्य पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत गाडीने पाहायचे ठरवले.

सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश क्षेत्रफळाच्या या राज्यात २०२० च्या जनगणनेनुसार वीस लाखांहूनही कमी माणसे राहतात. नकाशावर ते सपाट दिसते, परंतु आग्नेय कोपऱ्यातील ८४० फुटांपासून वायोमिंगच्या सीमेजवळच्या ५,४०० फुटांपर्यंत ही भूमी सतत चढत जाते. चढ इतका संथ आहे की गाडीला तो जाणवत नाही. जाणवतो तो पावसातील फरक. पूर्वेला वर्षाकाठी तीस इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर पश्चिम टोकाला पंधरा इंचांच्या आसपास. या राज्याचा इतिहास समजून घ्यायचा तर माणसांनी या उण्या पंधरा इंचांचे काय केले हे पाहत पश्चिमेकडे जावे, असे मला परतल्यावर ठामपणे वाटते.

ओमाहा आणि लिंकन

ओमाहाला उतरून मिझुरी नदीचे गढूळ, रुंद पात्र पाहिले आणि तासाभरात लिंकन गाठले. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने हा टापू वसाहतीसाठी खुला झाला तेव्हा राजधानी ओमाहा होती. १ मार्च १८६७ रोजी नेब्रास्का ३७ वे राज्य म्हणून संघराज्यात आले आणि त्याच वर्षी लँकेस्टर नावाच्या चिमुकल्या वस्तीला लिंकनचे नाव देऊन राजधानी तेथे नेण्यात आली.

विधानभवनाची चारशे फुटी मनोऱ्याची इमारत लांबूनच दिसते. बर्ट्रम गुडह्यू यांनी आराखडा केलेली ही वास्तू १९२२ ते १९३२ या काळात बांधली गेली आणि तिच्या सोनेरी घुमटावर मूठ उधळून बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा आहे. आतील मार्गदर्शक बाईंनी अभिमानाने सांगितले की अमेरिकेत केवळ याच राज्याचे विधिमंडळ एकसदनी आहे. १९३४ साली मतदारांनी तसा कौल दिला आणि १९३७ पासून एकाच सभागृहात, पक्षचिन्हाविना निवडून आलेले सदस्य बसतात. आज त्यांची संख्या ४९ आहे. मनोऱ्याच्या चौदाव्या मजल्यावरील सज्जातून शहराच्या चहूबाजूंची शेते दिसतात. प्रवेश आणि मार्गदर्शित फेरी दोन्ही विनामूल्य आहेत.

तेथून जवळच, सेंटेनियल मॉल या रस्त्यावर, पोंका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा पुतळा आहे. १८७७ साली सरकारने पोंकांना नायोब्रारा नदीकाठच्या त्यांच्या भूमीवरून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, नेले. तेथे स्टँडिंग बेअर यांचा मुलगा वारला. त्याला पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी मृतदेह घेऊन ते १८७९ च्या जानेवारीत थोड्याशा सोबत्यांसह उत्तरेकडे चालत निघाले आणि परवानगीविना आल्याबद्दल पकडले गेले. ओमाहाच्या न्यायालयात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी १२ मे १८७९ रोजी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने मूळ रहिवासी हीदेखील 'व्यक्ती' आहे आणि तिला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येते. एवढी गोष्ट मान्य होण्यासाठी एका बापाला मुलाचे शव घेऊन हिवाळ्यात शेकडो मैल चालावे लागले, हे त्या पुतळ्यापुढे उभे असताना मनातून हलत नव्हते.

रात्री बहिणीने भाकरी आणि पिठले केले होते. राज्याच्या दक्षिण भागात ज्वारीही पिकते, परंतु मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. आमच्या ताटातले पीठ मात्र भारतीय दुकानातून आणलेले होते. निघताना ती म्हणाली, "दादा, नॉर्थ प्लॅट सोडलंत की टाकी अर्ध्यावर आली तरी पेट्रोल भरून घ्या. आणि वहिनी, जाड कोट डिकीत टाकू नका, हाताशी ठेवा." दोन्ही सूचना पुढे अक्षरशः उपयोगी पडल्या.

बीआट्रिस

दुसऱ्या दिवशी लिंकनच्या दक्षिणेला सुमारे ६५ किलोमीटरवर, बीआट्रिस गावाजवळ असलेले होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान पाहिले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. नाममात्र शुल्क भरून १६० एकर जमीन निवडावी, तिच्यावर घर बांधून पाच वर्षे कसावी आणि मग ती आपल्या नावावर करून घ्यावी, असा तो कायदा होता. अमलाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, डॅनिएल फ्रीमन यांनी ज्या जागेवर दावा लावला तेथेच हे उद्यान आहे. देशभर अशा सोळा लाख दाव्यांतून सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली आणि नेब्रास्काची तर ४५ टक्के भूमी या एका कायद्याने खासगी मालकीची झाली.

संग्रहालयाची मला भावलेली बाब अशी की ही जमीन 'मोकळी' नव्हती, हे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे. याच परिसरात ओटो-मिझुरिया लोकांचे राखीव क्षेत्र होते. १८८१ पर्यंत त्यांनाही दक्षिणेला जावे लागले. इमारतीमागे पुन्हा रुजवलेले उंच गवताचे रान आहे. मार्चमध्ये ते पिवळे, वाळलेले होते. एका कर्मचाऱ्याने गवताचा एक ठोंब उपटून दाखवला, तेव्हा त्याच्या मुळांचे घट्ट जाळे माती सोडायलाच तयार नव्हते. लाकूड नसलेल्या पश्चिम भागात वसाहतवाल्यांनी याच मुळांनी बांधलेल्या मातीचे चिरे नांगराने कापून घरे उभारली, हे तो ठोंब हातात घेतल्यावर नीट कळले.

दुपारी वाटेत रन्झा खाल्ले. कोबी, कांदा आणि गोमांसाचा खिमा भरून भाजलेला हा लांबट पाव रशियातून येथे आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी आणला. मांस न खाणाऱ्यांनी या राज्यात फिरताना दशम्या, मेतकूट, चटणी असा कोरडा शिधा बरोबर ठेवावा. पश्चिमेकडील छोट्या गावांत मेक्सिकन उपाहारगृह सापडले तर राजमा-भाताची सोय होते, एरवी बटाट्यावरच भागवावे लागते.

कर्नी : क्रौंचांचा मुक्काम

संध्याकाळी कर्नीजवळ, जुन्या फोर्ट कर्नीच्या परिसरातील पादचारी पुलावर पोहोचलो. पुलाखालची प्लॅट नदी एका प्रवाहाची नाही. वाळूच्या बेटांमधून ती अनेक उथळ धारांनी पसरून वाहते आणि बहुतेक ठिकाणी पाणी गुडघ्याच्या खालीच असते. सूर्य कलला आणि दक्षिणेकडील मक्याच्या शेतांवरून ओळीमागून ओळी येऊ लागल्या. पक्षी स्पष्ट दिसण्याआधी त्यांचा आवाज पोहोचतो. घशात घोळवलेला, खडखडता तो स्वर मैलभरावरून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिबनजवळच्या रो अभयारण्यात नदीकाठच्या लपणगृहात बसण्यासाठी आम्ही आधीच नोंदणी केली होती. साडेपाचला अंधारात, लाल प्रकाशाच्या विजेऱ्यांमागून, एकही शब्द न बोलता सगळे चालत गेलो. लाकडी भिंतीतील चौकोनी झरोक्यांतून सुरुवातीला केवळ काळोख आणि पाण्याचा वास येत होता. हळूहळू नदीच्या मध्यभागी एक करडा पट्टा दिसू लागला. मला ते वाळूचे बेट वाटले. उजाडत गेले तसा तो पट्टा हलू लागला आणि तेथे हजारो पक्षी पाण्यात एका पायावर उभे असल्याचे दिसले. कोल्हे आणि कायोटी येताना पाण्याचा आवाज व्हावा म्हणून ते रात्र अशी पाण्यात काढतात.

अगदी समोर, चाळीसएक पावलांवर, एक जोडी आणि त्यांचे गेल्या वर्षीचे पिल्लू होते. मोठ्यांच्या कपाळावर केस नसलेला लाल डाग होता, पिल्लाच्या डोक्यावर तो अजून उमटला नव्हता. त्यांच्या राखाडी पाठीवर गंजासारखा तांबूस रंग होता. लोहयुक्त चिखल चोचीने पिसांना फासून ते स्वतःच तो चढवून घेतात. नराने मक्याचे वाळलेले धाट चोचीत उचलून हवेत भिरकावले, पंख पसरून उडी मारली, मान झुकवली आणि मादीने तशीच उडी घेऊन उत्तर दिले. मग वरून एक गरुड गेला. पट्ट्याच्या एका टोकाकडून उठलेली लाट दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला काही क्षण लागले आणि तेवढ्यात सगळी नदी आकाशात गेल्यासारखे झाले. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की बोटांचे वळ बराच वेळ राहिले.

आमच्या गटाची जबाबदारी मिनेसोटाहून दरवर्षी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे होती. बाहेर आल्यावर त्यांनी जे सांगितले ते पक्ष्यांच्या नृत्याइतकेच महत्त्वाचे आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जगातील सँडहिल क्रौंचांपैकी सुमारे ८० टक्के नदीच्या या मधल्या टप्प्यात थांबतात, काढणीनंतर शेतात पडलेले मक्याचे दाणे टिपून वजन वाढवतात आणि मग कॅनडा, अलास्का, काही तर सैबेरियापर्यंत जातात. त्यांना हवे असते रुंद, उथळ, झाडे नसलेले पात्र. परंतु वरच्या बाजूची धरणे आणि कालवे यांमुळे नदीचे बरेचसे पाणी येथवर येतच नाही. पूर आले नाहीत की वाळूच्या बेटांवर झाडोरा माजतो आणि पात्र आक्रसते. म्हणून अभयारण्यातील माणसे दरवर्षी यंत्रे लावून बेटे साफ करतात. जे काम पूर्वी नदी स्वतः करीत असे, ते आता माणसांना करावे लागते. गोंदियाच्या तळ्यांवर उरलेल्या मोजक्या सारसांसाठी झटणारी मंडळी मला माहीत आहेत. या बाईंच्या बोलण्यातील कळकळ तीच होती.

येथे येणाऱ्यांनी लपणगृहाची नोंदणी जानेवारीतच पाहावी, पहाटेच्या सत्रासाठी गडद रंगाचे कपडे घालावेत, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि मोबाइलचा पडदा बंद ठेवावा आणि दिवसा शेतरस्त्यांवर गाडीतूनच पक्षी पाहावेत, कारण गाडी थांबली तरी ते बिचकत नाहीत, माणूस उतरला की लगेच उडतात.

कोझॅड आणि नॉर्थ प्लॅट

पश्चिमेकडे जाताना कोझॅड गावात लोहमार्गाजवळ शंभराव्या रेखांशाची खूण आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ ऑक्टोबर १८६६ मध्ये येथे पोहोचले, तेव्हा तो मोठा सोहळा झाला होता. पश्चिमेचे सर्वेक्षण करणारे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात याच रेषेच्या आसपास इशाऱ्याची रेघ ओढली होती: हिच्या पश्चिमेला पाऊस वीस इंचांहून कमी, म्हणून सिंचनाविना शेती भरवशाची नाही आणि १६० एकरांचे माप तेथे लागू पडणार नाही. त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. पुढच्या दुष्काळांत हजारो कुटुंबे पश्चिम नेब्रास्का सोडून परत गेली.

नॉर्थ प्लॅट येथे उत्तर आणि दक्षिण प्लॅट यांचा संगम होतो. गावालगतचे बेली यार्ड हे जगातील सर्वांत मोठे रेल्वे वर्गीकरण केंद्र असून ते आठ मैल लांब आहे. मनोऱ्यावरून पाहिले तेव्हा एकेक डबा उंचवट्यावरून सुटून केवळ उताराच्या जोरावर ठरलेल्या रुळावर जाऊन पुढच्या गाडीला जोडला जात होता. पाहता पाहता तास कसा गेला कळले नाही. दुसऱ्या महायुद्धात याच गावच्या स्थानकावर थांबणाऱ्या प्रत्येक लष्करी गाडीतील सैनिकांना आसपासच्या गावांतील बायकांनी स्वतःच्या शिध्यातून कॉफी, सँडविच आणि केक दिले. डिसेंबर १९४१ ते एप्रिल १९४६ या काळात सुमारे साठ लाख सैनिकांचे असे आतिथ्य झाले. साखर आणि पेट्रोल मोजून मिळण्याच्या दिवसांत, तेही तासाभराच्या प्रवासावरून अन्न आणून.

सँडहिल्स

आदल्या दुपारी वीस अंशांचे ऊन होते. सकाळी उठलो तेव्हा वाऱ्यासोबत आडवा बर्फ येत होता. कोट हाताशी होते. ८३ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला निघालो आणि अर्ध्या तासात शेते संपून टेकड्या सुरू झाल्या.

या टेकड्या म्हणजे वाळूचे ढिगारे आहेत. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेले हे पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठे वालुकाक्षेत्र आहे. काही ढिगाऱ्यांची उंची ४०० फुटांपर्यंत जाते. हजारेक वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळात ही वाळू वाऱ्याने सरकत होती. आज गवताच्या पातळ थराने ती थोपवून धरली आहे. एके ठिकाणी कुंपणापलीकडे गवत फाटून वाळूचा उघडा खड्डा पडलेला दिसला. वारा तेथून कणाकणाने वाळू काढत होता आणि खड्ड्याच्या काठावर गवताची मुळे उघडी लोंबत होती. पशुपालक अशा खड्ड्यांना फार जपतात, त्यांवर जुने टायर आणि वाळका चारा टाकतात.

वाळूवर पडलेला पाऊस वाहून जात नाही, आत मुरतो. त्यामुळे या टेकड्या ओगलाला भूजलसाठ्याचे माहेर ठरल्या. आठ राज्यांखाली पसरलेल्या या साठ्यातील सर्वाधिक पाणी नेब्रास्काखाली आहे, आणि टेकड्यांच्या खोलगट जागी ते आपोआप तळ्यांच्या रूपाने वर येते. १९०४ च्या किंकेड कायद्याने या भागात ६४० एकरांचे तुकडे दिले, तरी नांगरलेली वाळू उडून गेली; शेवटी गुरांचे विस्तीर्ण रान हाच येथला टिकणारा व्यवसाय ठरला. राज्यात गुरांची संख्या साठ लाखांवर, म्हणजे माणसांच्या तिपटीहून जास्त आहे.

थेडफर्डहून थोडे पूर्वेला हॅल्सीचे हाताने लावलेले जंगल आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहाने १९०२ पासून या वाळूत पाइन लावले गेले. २०२२ च्या ऑक्टोबरात वणव्याने त्याचा मोठा भाग जाळला. काळे बुंधे बर्फात उभे होते.

बर्फ वाढल्यामुळे म्युलनच्या वाटेवर एका खानावळीत दोन तास थांबलो. चिलीच्या (मांस आणि राजम्याच्या तिखट रश्श्याच्या) वाडग्याबरोबर दालचिनीचा गोड रोल येतो, हा येथला रिवाज, आणि चव खरोखर जुळते. शेजारच्या टेबलावरील पशुपालकाने, आम्ही भारतातून आल्याचे कळल्यावर, पहिला प्रश्न विचारला तो आमच्याकडे विहिरी किती खोल जातात असा. मराठवाड्यातील आठशे-हजार फुटांच्या बोअरवेलविषयी सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने १९७२ पासून राज्यात असलेल्या नैसर्गिक संसाधन जिल्ह्यांविषयी सांगितले. त्यांच्या सीमा नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेल्या आहेत, स्थानिक लोकच मंडळ निवडतात, आणि नवी विहीर किंवा उपसा यांवर मर्यादा घालण्याचा अधिकार त्या मंडळांना आहे. शेजाऱ्यालाच शेजाऱ्यावर बंधन घालावे लागते म्हणून बैठकांत भांडणे होतात, परंतु टेक्सास आणि कॅन्ससपेक्षा येथली पाण्याची पातळी पुष्कळ टिकून आहे. हा सबंध प्रवास मी या संभाषणासाठी पुन्हा करीन.

थेडफर्ड आणि म्युलन यांच्या दरम्यान घड्याळ एक तास मागे जाते, मोबाइलची रेंज वारंवार जाते आणि पेट्रोल पंप विरळ आहेत. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

फोर्ट रॉबिन्सन

क्रॉफर्डला मुक्काम करून सकाळी फोर्ट रॉबिन्सन या जुन्या लष्करी ठाण्यावर आलो तेव्हा आकाश निवळले होते आणि पांढुरक्या कड्यांखाली मैदानभर बर्फ होता. लाकोटा या मूळ रहिवासी जमातीचा योद्धा क्रेझी हॉर्स मे १८७७ मध्ये येथल्या छावणीला शरण आला आणि ५ सप्टेंबरला त्याला कोठडीत नेत असताना झालेल्या झटापटीत संगिनीने भोसकले गेले. जेथे हे घडले तेथे कोठडीची ओंडक्यांची इमारत पुन्हा उभारली आहे आणि दगडी खूण आहे. कुणीतरी तिच्यावर तंबाखूच्या छोट्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या.

थोड्या अंतरावर ती बराक आहे जिच्यात उत्तर शायान जमातीचे सुमारे दीडशे लोक कोंडले होते. ओक्लाहोमातील तापाच्या प्रदेशातून ते मायदेशी, उत्तरेकडे, पळून आले होते. परत जाण्यास नकार दिला म्हणून जानेवारीच्या थंडीत त्यांचे अन्न, सरपण आणि पाणी बंद करण्यात आले. खिडक्यांवरील दव आणि बर्फ खरवडून त्यांनी तहान भागवली. ९ जानेवारी १८७९ च्या रात्री त्यांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या आणि त्यानंतरच्या दिवसांत साठहून अधिक स्त्री-पुरुष-मुले मारली गेली. बराकीपासून कड्यांपर्यंतचे अंतर आम्ही चालून पाहिले. दिवसा, पोटभर जेवून, जाड बूट घालून ते चालतानाही दम लागला. उरलेल्यांना पुढे १८८४ मध्ये मोंटानात राखीव भूमी मिळाली. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात.

स्कॉट्स ब्लफ

शेवटचा टप्पा पुन्हा प्लॅटच्या खोऱ्यात, तिच्या उत्तर शाखेवर होता. नदीपासून ८०० फूट उंच उठलेला स्कॉट्स ब्लफचा कडा आणि पूर्वेकडील चिमणी रॉकचा सुळका या पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगनकडे वसाहतीसाठी जाणाऱ्यांच्या वाटेवरच्या खुणा होत्या. १८४१ ते १८६९ दरम्यान सुमारे साडेतीन लाख माणसे बैलगाड्या हाकत येथून गेली, आणि कॉलऱ्याने वाटेतच पुरलेल्यांची संख्या मोठी आहे. मिचेल खिंडीत चाकांनी कापलेली वाट अजून स्पष्ट आहे. कड्यावर जाणारा डोंगरी रस्ता दरड कोसळल्यामुळे अधूनमधून बंद असतो, म्हणून चौकशी करूनच जावे. पायवाटेने चढायचे तर पाणी आणि कानटोपी बरोबर घ्यावी.

वरून जे खोरे दिसते ते त्या प्रवाशांना ओळखू येणार नाही. पंधरा इंच पावसाच्या या भूमीत वायोमिंगमधील पाथफाइंडर धरण १९०९ मध्ये पूर्ण झाले, कालवे आले आणि साखरेचे बीट, घेवडा, मका ही पिके आली. पाण्यावरून नेब्रास्का आणि वायोमिंग यांच्यात १९३४ साली सुरू झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात अकरा वर्षे चालला; १९४५ मध्ये वाटप ठरले, तरी वाद पुढे पुन्हा उभा राहिला. कृष्णेच्या लवादाविषयी वाचत आलेल्या माणसाला यातले काहीच अपरिचित वाटत नाही.

खाली उतरल्यावर एका कालव्यात माणसे वाळलेले तण जाळून पात्र साफ करताना दिसली. पाणी सुटायला अजून महिनाभराहून अधिक अवकाश होता. त्यांतील एका बीट-उत्पादक शेतकऱ्याने सांगितले की जुलै २०१९ मध्ये वायोमिंगमधील फोर्ट लॅरमीजवळ या कालव्याचा शंभर वर्षे जुना बोगदा कोसळला आणि दोन्ही राज्यांतील एक लाखाहून अधिक एकर जमिनीचे पाणी ऐन हंगामात कित्येक आठवडे तुटले. त्याने त्या वर्षी घेवडा गमावला आणि बीट अर्धे वाचवले. बोगद्याला तेव्हा लोखंडी कड्यांचा आधार दिलेला होता, कायमच्या दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्यांवर किती पडणार यावर बैठका चालू होत्या, आणि त्याच संध्याकाळी त्याला अशा एका बैठकीला जायचे होते.